विलंबाचे कारण

धोंडीराम जमादाराला दोन गोष्टी मनापासून आवडत. एक, चिंच लावून घासलेलं पितळ; आणि दुसरी, कोरा रकाना.

पितळ बंबखान्यात रगड होतं. पाइपांची तोंडं, मोटारबंबाची घंटा, भिंतीवरचे माणसांचे बिल्ले. कोरा रकाना होता वर्दीबुकात. आगीची वर्दी किती वाजता आली, कोणी आणली, टोळी किती वाजता पोचली, पाणी कोठून घेतले, किती वाजता सुरू केले, असे रकाने ओलांडत गेलं की पानाच्या कडेला एक अरुंद रकाना येई : विलंबाचे कारण. तो दोन वर्षं कोरा होता. बंबखान्यात कोणी चहाला टेकलं, की जमादार बुक काढून पानं उलटून दाखवी. "बघा, शाईचा ठिपका नाही!" नाशकातल्या आगी जणू त्याला विचारूनच लागत.

सन १९३४ मधली गोष्ट. भद्रकालीच्या बाजूला मुख्य बंबखाना. तिथं एक मोटारबंब आणि माणसांनी ओढायचा एक हातबंब. नदीपलीकडे पंचवटीत एक चौकी, तिथं शिडी, बादल्या आणि सदा डुलक्या घेणारा एक पहारेकरी. सगळी मिळून माणसं तेरा. प्रत्येकाचा आकडा कोरलेला पितळी बिल्ला कामावर आल्यावर भिंतीवरच्या खिळ्याला लागे. खिळ्यांच्या रांगा दोन. वर आठ, खाली पाच.

या दोन रांगा कुठल्याही सरकारी कागदात नव्हत्या. त्या जमादाराच्या स्वतःच्या.

दोन वर्षांपूर्वी कुंटे आळीत एका माडीला आग लागली. सगळ्यांत आधी पोचला सोमा. महारवाड्यातला, हाडापेरानं उंच, पाइप खांद्यावर टाकून पळण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यानं पुढचामागचा विचार न करता चौकातल्या विहिरीत पाइप सोडला आणि माडी वाचवली. माडी वाचल्याचं कौतुक दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी विहीर बाटल्याची तक्रार घेऊन आळी बंबखान्यात आली. विहीर उपसली गेली, गोमूत्र पडलं, ब्राह्मणभोजन झालं. जमादारानं सोमाचा बिल्ला महिनाभर पेटीत ठेवला आणि खिळ्यांच्या दोन रांगा ठोकल्या. वरच्या रांगेत कोणत्याही विहिरीवर चालणारी माणसं. खालच्या रांगेत सोमा, पेठ-सुरगाण्याकडून कामाला आलेला मंगळू, मोटार चालवणारा इब्राहिम आणि आणखी दोघे. मोटार हाकायला इब्राहिम लागेच, म्हणून तो वरच्या रांगेबरोबर जाई; पण बिल्ला खालीच.

खालच्या रांगेला हुकूम एकच. वरच्या आळ्यांत वर्दी आली तर धावत जायचं, आळीच्या तोंडाशी बंब उभा करायचा, आणि वरची रांग किंवा जमादार स्वतः येईपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही.

"आग काय रांग बघून लागते व्हय, जमादार?" सोमानं तेव्हा विचारलं होतं.

"आग नाही बघत, माणसं बघतात," जमादार म्हणाला होता. "मला कागद नको, तक्रार नको. तुलाही पुन्हा महिनाभर घरी बसायचं नसेल, तर उभं राहायला शीक."

काळाराम मंदिराच्या दारात चार वर्षं लोक याच एका गोष्टीसाठी बसत होते, मार खात होते, तुरुंगात जात होते. जमादाराचं म्हणणं, त्या भानगडीवर त्यानं कसं गुपचूप, पाच खिळ्यांत औषध काढलं! नशीब असं, की दोन वर्षांत वरच्या आळ्यांत आग लागली तेव्हा वरची रांग दरवेळी जागेवर सापडली. त्या नशिबाला जमादार बंदोबस्त म्हणे.

कुंटे आळीही खूश होती. आळीच्या तोंडाशीच्या, चौकात ती विहीर असलेल्या मोठ्या घराची मालकीण अक्काबाई हिनं तर आपल्या चौकामागच्या दोन खोल्या जमादाराला बिऱ्हाडाला दिल्या. "असा समजूतदार माणूस शेजारी असावा," ती म्हणे.

त्या दोन खोल्यांतल्या आतल्या खोलीत, चैत्र संपता संपता, जमादाराची लेक वत्सला पहिल्या बाळंतपणाला आली होती. पिंपळगाव बसवंतला दिलेली. मुलगी झाली. आज पाचवा दिवस.

बाळंतिणीची खोली म्हणजे विटाळाची खोली. खिडकीच्या फटी चिंध्यांनी बुजवलेल्या, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, कोपऱ्यात मोरी, आणि भिंतीला लागून गोवऱ्यांची थप्पी. आत जाई ती फक्त आई लंकाबाई, आणि सकाळी बाळाला न्हाऊमाखू घालायला येणारी सुईण भागीबाई. ही भागीबाई म्हणजे सोमाची आई. गंमत बघा : पोर जगात आणायला भागीबाईचे हात चालत, पण ते हात धुवायचं पाणी तिला वरून ओतून मिळे, आणि ती गेली की चौकातल्या तिच्या वाटेवर अक्काबाई स्वतः शेणसडा टाकी.

त्या सकाळी जमादार डोक्याला फेटा गुंडाळत दाराबाहेर उभा राहिला. आत पाहायची सोय नव्हती.

"वत्से, बरी आहेस ना गं?"

"बरी आहे, बाबा," आतून आवाज आला, मागोमाग खोकला. "पण धूर फार होतो हो. डोळे नुसते चुरचुरतात. आग विझवणाऱ्याच्या घरात लेकीच्या बाजेखालीच आग!"

जमादार हसला. "शेक हवा गं. तुझ्या आईनंही घेतलाय."

"भागीबाई म्हणाल्या, शेगडी दाराशी सरकवा आणि खिडकी वीतभर उघडा."

मोरीशी बाळाला पुसत असलेली भागीबाई बोलली, "व्हय जमादार, पोरीचा जीव गुदमरतुय. ह्या गवऱ्याबी लय जवळ लावल्यात."

जमादारानं बायकोकडे पाहिलं. लंकाबाईनं मान हलवली. "बाळंतिणीला वारा लागला तर जन्माचं दुखणं. सुइणीचं ऐकून घर चालवायचं का आता?"

शहरभर लोकांच्या चुली आणि माळे तपासत फिरणारा माणूस. गोवऱ्या निखाऱ्यांपासून किती हात लांब हव्यात हे तो झोपेतही सांगेल. पण ते लोकांच्या घरात. स्वतःच्या घरी तो बायकांच्या खोलीत बोलत नसे.

"आजचा दिवस जाऊ दे. संध्याकाळी बघू," तो म्हणाला.

"बाबा," वत्सला आतून म्हणाली, "हिचं नाक तुमच्यासारखं आहे. फेंदारलेलं."

"बाराव्याला बघीन हो!" म्हणत जमादार आनंदानं बंबखान्यात गेला.

दुपारी बाराला दहा कमी असताना पंचवटीच्या चौकीवरून माणूस धावत आला. कडब्याच्या गंजी पेटल्या होत्या. जमादार वरची रांग घेऊन मोटारबंबावर चढला. इब्राहिमनं हँडल मारलं.

"सोमा, हातबंब इथंच. तुम्ही चौघं हलू नका."

"आन् हिकडं काय झालं तर?"

"हुकूम माहीत आहे ना?"

"माहीत हाय," सोमा म्हणाला.

गंजी चार होत्या; दोन गेल्या, दोन वाचल्या. एक वाजत आला तेव्हा मोटारबंब परत फिरला. पुलाच्या मध्यावर इब्राहिमनं वेग कमी केला.

"जमादारसाहेब, वो देखो. गावात धूर."

घरांच्या वर काळपट धुराचा एक खांब उभा होता. जमादारानं डोळे बारीक केले. समोरून एक सायकलवाला दोन्ही हात सोडून ओरडत आला, "जमादार! कुंटे आळी! तुमच्याच चौकात!"

जमादाराचा हात आपोआप घंटेच्या दोरीवर गेला. पहिला विचार आला तो दिलाशाचा. सोमा पोचला असेल. सोमापेक्षा चपळ माणूस आपल्याकडे नाही. सोमा पोचलाच असेल.

मग दुसरा विचार आला, आणि दोरी हातातून सुटली. सोमा पोचला असेल, आणि उभा असेल.

"इब्राहिम, पळव!" तो ओरडला. हा आवाज इब्राहिमनं पाच वर्षांत ऐकला नव्हता.

आळीच्या तोंडाशी हातबंब नव्हता. जमादाराला क्षणभर हायसं वाटलं. चौकात शिरला तर पाणी चालू होतं. विहिरीत पाइप होता, मंगळू आणि आणखी दोघे बंबाचा दांडा वरखाली करत होते. मागच्या खोल्यांचं छप्पर बसलं होतं. तुळशीजवळ लंकाबाई ओल्या धुण्याच्या पिळ्यांत फतकल मारून बसली होती. तिच्यापुढं घोंगडीवर वत्सला होती. अंगावर भाजल्याची फारशी खूण नव्हती. नाकातोंडाशी तेवढा काजळीचा काळा माग.

भागीबाईच्या मांडीवर बाळ रडत होतं.

सोमाच्या दोन्ही हातांची कातडी सोललेली. तो जमादाराकडे पाहत नव्हता.

"कधी?" जमादारानं विचारलं. जन्मभराच्या सवयीनं हाच एक प्रश्न तोंडातून निघाला.

उत्तर तीन दिवसांत तुकड्यातुकड्यानं मिळालं.

विटाळाचं धुणं घरच्या विहिरीवर चालत नसे. ते घेऊन लंकाबाई नदीवर गेली होती, दूर, खालच्या अंगाला. जाताना मांजर आत शिरू नये, कोणाची नजर पडू नये, म्हणून तिनं दाराला बाहेरून कडी घातली. नेहमीच घाली. बाजेखालचा निखारा गोवऱ्यांना कधी लागला ते कोणालाच कळलं नाही. पाच दिवस त्या खोलीतून धूर येतच होता, तो कोण मोजतो? ज्वाळा कौलांतून वर आल्या तेव्हा अक्काबाईनं माणूस पिटाळला.

वर्दी बारा पस्तीसला. सोमा आळीच्या तोंडाशी बारा बेचाळीसला. आणि तिथं तो उभा राहिला.

अक्काबाई दारात आली होती. ती दुष्ट बाई नव्हती. तिला वाटलं, धूर वाढला तशी लंकाबाई लेकीला घेऊन बाहेर पडली असेल. कडी बाहेरून आहे म्हणजे आत कोण असणार?

"अरे, आत कोणी नाही, गोवऱ्या पेटल्यात नुसत्या. पुढच्या घराला लागू नये एवढंच बघायचं," ती म्हणाली. "जमादार येतीलच."

"अक्काबाई, येऊ का आत? हिरीला पाइप लावतो, दोन मिनिटांत इझवतो."

"मला काय विचारतोस? तुझ्या जमादारांनीच ठरवलंय ना? मी कोण मोडणारी?"

सोमानं मंगळूकडे पाहिलं. मंगळू म्हणाला, "बिल्ला जाईल रं." महिनाभर बिल्ला पेटीत होता तेव्हा सोमाच्या घरात काय शिजलं आणि काय नाही, हे मंगळूला ठाऊक होतं.

ते उभे राहिले. वर ज्वाळा, पुढं विहीर, हातात पाइप. शेजारच्या बायका चार घागरी ओतून मागं हटल्या. पुरुष पेठेत होते.

मग लंकाबाई आली, आणि तिच्या मागोमाग धूर बघून धावलेली भागीबाई. पुढं काय झालं ते सांगताना भागीबाईही अडखळे. धुणं टाकून लंकाबाई किंचाळली, "वत्सी आत आहे! कडी मी घातलीय!"

त्यानंतर सोमानं कोणाला विचारलं नाही. अक्काबाईला बाजूला सारून तो चौक ओलांडून गेला, लाल झालेली कडी हातानं ओढली. वत्सला मोरीत सापडली. मोरीतून पाणी बाहेर जायचं भोक असतं. त्या भोकाशी बाळाचं तोंड लावून, न्हाणाच्या उरल्या पाण्यात भिजवलेलं लुगडं त्याच्यावर टाकून, ती वरून पालथी पडली होती. बाळाला वारा लागू द्यायचा नाही, असं सगळे पाच दिवस सांगत होते. तिनं शेवटी वारा तेवढा शोधला.

पाणी सुरू झालं एक वाजून पाच मिनिटांनी.

तिसऱ्या दिवशी राख सावडून जमादार आळीत परतला, तर चौकात गर्दी होती. विहिरीवर दोन रहाट लावले होते. गडी पाणी उपसत होते आणि चौकातून, आळीतून, गटारापर्यंत पाण्याचा लोंढा वाहत होता. कडेला गोमूत्राचा तांब्या, दर्भ, भटजी.

"धोंडीराम, वाईट वाटून घेऊ नकोस हो," अक्काबाई पदर डोळ्यांना लावत म्हणाली. ते रडणं खरं होतं. "पोरगी मलाही लेकीसारखीच होती. पण पाइप गेला ना आत... दहा बिऱ्हाडं पितात."

जमादार विहिरीत वाकून पाहू लागला. चैत्र-वैशाखाचे दिवस, तरी पाण्याला तोटा नव्हता. सबंध सकाळ उपसा चालला होता आणि अजून निम्मं होतं.

"किती हात पाणी होतं?" त्यानं गड्याला विचारलं.

"सतरा हात, जमादार. गावात अशी हीर नाय."

सतरा हात पाणी त्याच्या चपलांवरून वाहत गेलं. पंधरा पावलांवर काळा खड्डा होता, जिथं खोली होती. तो तडक बंबखान्यात गेला.

बुक टेबलावर होतं. त्या वर्दीचं पान गोटीरामनं भरून ठेवलं होतं. वरच्या रांगेतला हा जुना, मायाळू माणूस, अक्षर चांगलं. शेवटचा रकाना तेवढा त्यानं पेन्सिलीनं लिहिला होता : पाण्याची टंचाई.

"मीच घातलं," गोटीराम हलक्या आवाजात म्हणाला. "उन्हाळा आहे, सगळ्यांना पटेल. तुमच्या नोकरीला धक्का नको, जमादार. गेलेली पोर काही परत येत नाही."

"सतरा हात होतं."

"काय?"

"विहिरीत सतरा हात पाणी होतं, गोटीराम. आत्ता गटारात चाललंय. रबर आण."

त्यानं स्वतः पेन्सिल पुसली. शाईच्या दौतीत टाक बुडवला. दोन वर्षं जपलेल्या त्या रकान्यात, अक्षर न हलू देता, लिहिलं : "जमादाराचा हुकूम. टोळी तेवीस मिनिटे पाण्याजवळ उभी होती. एक बाळंतीण मृत." आणि खाली सही.

"सोमाला बोलाव. साक्ष हवी."

सोमा आला. हातांना भागीबाईनं लावलेला लेप आणि वर फडकी. त्यानं रकाना वाचला. 

"ह्यात माझंबी नाव घाला, जमादार."

"तुझं कशाला? तू माझा हुकूम पाळलास."

"तेच की." सोमा हातांवरच्या फडक्यांकडे पाहत म्हणाला. "आत भांडं वाजत हुतं. घंगाळ. ठाण, ठाण. मी आळीच्या तोंडापातूर ऐकलं. अक्काबाई म्हनली, आगीनं भांडी पडत्यात. म्या म्हनलं आसंल. पडनारं भांडं एकदा वाजतंय, जमादार. ते धरून वाजवत हुतं कुनीतरी. मला कळलं हुतं. तरी पाय उचलला न्हाई. बिल्ला डोळ्यांम्होरं आला."

 दारात इब्राहिम उभा होता, त्यानं तोंड फिरवलं.

"नाही," जमादार म्हणाला. "तुझे पाय मी बांधले. ते माझ्याच नावावर राहू दे."

सोमाला टाक धरता येईना. लेपानं माखलेल्या अंगठ्यानंच त्यानं खाली साक्ष केली. तो ठसा पानावर पिवळा उमटला.

मग जमादारानं हातोडी मागितली. खालच्या रांगेचे पाच खिळे उपटले आणि वरच्या रांगेत शेजारी शेजारी ठोकले. एक ते तेरा बिल्ले आकड्यांप्रमाणे लावले. वरच्या रांगेतल्या दोघांनी दुसऱ्या दिवशी कामावर येणं सोडलं. तिसरा आठवडाभर घुटमळला आणि परत आला. आळीवर जमादाराला दुसरं बिऱ्हाड नाकारायची वेळच आली नाही. तो आपण होऊन नातीला आणि लंकाबाईला घेऊन बंबखान्यामागच्या पडवीत राहायला गेला. बाळाला न्हाऊ घालायला भागीबाई तिथंही येई. तिथं तिला पाणी वरून ओतून देणारं कोणी नव्हतं. रांजण दाराशी, तांब्या त्यावर, ज्याला हवं त्यानं घ्यावं. पहिल्या दिवशी तांब्याला हात लावण्याआधी ती थांबली होती. लंकाबाईनंच तो उचलून तिच्या हातात दिला. 

जमादार पितळ घासायचा आता थांबला होता. ते काम त्याला नकोसं झालं. पण बुक तो अजून दाखवी. कोणी चहाला टेकलं की तेच पान. आता म्हणे, "बघा, हा शाईचा ठिपका माझा आहे."

आषाढाआधी एका दुपारी पुन्हा कुंटे आळीची वर्दी आली. अक्काबाईच्या समोरचं घर. हातबंब घेऊन सगळ्यांच्या पुढं सोमा, त्याच्यामागं जमादार. आळीच्या तोंडाशी आल्यावर सोमाचे पाय जुन्या सवयीनं थबकले. मागून जमादाराचा तळहात त्याच्या पाठीवर पडला.

"चल," जमादार म्हणाला. "आत भांडं वाजत असेल."

अक्काबाई चौकात विहिरीच्या कठड्यापाशी उभी होती. तिनं सोमाला पाहिलं, खांद्यावरचा पाइप पाहिला. तिचे ओठ हलले. मग ती मागच्या काळ्या खड्ड्याकडे पाहू लागली, आणि पाहता पाहता एक पाऊल बाजूला झाली.

वर्दीबुकात त्या दिवसाचा शेवटचा रकाना कोरा आहे. त्याच्या आधीचं पान उघडलं, की एक पिवळा अंगठा दिसतो. आपल्या आळीच्या तोंडाशी या घटकेला कोण उभं आहे, आणि कोणाच्या हुकमानं, हे ज्याचं त्यानं जाऊन पाहावं.